बिनपानांचं फूल

१

"या मुलाला निरोप वगैरे काही द्यायचा नाही. हा चोर आहे!"

एकनाथराव हे भर सभेत बोलले, तेही काठी आपटून. नल्लकुंट्याच्या आमच्या मराठी मंडळात सतरंजीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या हातातले चहाचे कप तसेच राहिले.

छप्पन्न सालचा श्रावण होता. नोव्हेंबरात हैद्राबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठवाडा मुंबईकडे जाणार, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि आम्ही शहरातले मराठी लोक जिथल्या तिथे राहून आंध्रवाले होणार. नोकरदार माणसं मराठवाड्याकडे निघाली होती. दर रविवारी कुणाचा तरी निरोप समारंभ असायचा. त्या रविवारी तो गोविंदाचा होता. गोविंद म्हणजे वनस्पतिशास्त्राचा हंगामी लेक्चरर, त्याच विषयाचे जुने प्रोफेसर असलेल्या एकनाथरावांचा लाडका विद्यार्थी. औरंगाबादच्या एका कॉलेजात त्याला कायमची जागा मिळाली होती, आणि त्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल नामदेवराव मुद्दाम समारंभासाठी येऊन पहिल्या रांगेत बसले होते.

मी मुकुंदराव, वकील. दुसऱ्याची भांडणं ऐकणं हा माझा धंदा आहे, पण सतरंजीवर बसून असं भांडण मी कधी ऐकलं नव्हतं.

"काय चोरलं त्यानं?" मी विचारलं.

"रोप!" एकनाथराव म्हणाले. "माझ्या बंगल्यामागे बांबूच्या बेटाखाली उगवलं होतं. अगदी गर्द सावलीत. या मुलखातलं रान मी आयुष्यभर पायाखाली घातलं, पण ते रोप मला ओळखता आलं नाही. पान एक नाही. नुसता देठ आणि वर मान खाली घातलेलं एक फिकट जांभळं फूल. मी भोवती तारेचं कुंपण घातलं. मग तापानं पडलो. राखणीला हा होता. उठून बघतो तर रोप नाही! औरंगाबादला जाऊन हा ते आपल्या नावावर जगाला दाखवणार, दुसरं काय?"

गोविंद उभा राहिला. चेहरा पांढराफटक पडला होता, पण मान ताठ होती. "मी रोप घेतलेलं नाही, सर."

"अप्पाराव, तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

अप्पाराव त्याच विभागातले तेलुगू प्रोफेसर. गोविंदाला निरोप द्यायला हौसेनं आले होते. ते बिचारे खुर्चीत आणखी खाली सरकले. "अय्यो सर, मेरेको कायको बीच में लाते? हौ, देखा मैं. गोविंद पिछले दरवाजे से कुंडी लेके जा रहा था. ऊपर गीला कपडा ढांका था. बस, इतनाच."

"त्या कुंडीत काय होतं, गोविंद?"

गोविंद म्हणाला, "ते मी सांगणार नाही."

नामदेवराव उठले, उपरणं सावरलं आणि फार सभ्यपणे बोलले. "नेमणूक मी तूर्त थांबवतो. येत्या रविवारपर्यंत खुलासा आला तर ठीक, नाहीतर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल." आणि ते संध्याकाळच्या गाडीनं औरंगाबादला निघूनही गेले. पोराची नोकरी आणि अब्रू दोन्ही एका चहाच्या कपाबरोबर थंड झाली.

घरी येताना माझी बायको सुशीला रस्त्यात मध्येच थांबली. "अहो, सर चुकताहेत."

"कशावरून?"

"ते अजून मला कळलेलं नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा चालायला लागली.

२

आता बायकोबद्दल सांगतो. नवऱ्यानं बायकोचं कौतुक करू नये असं कुणी म्हणत असेल तर त्यानं ही गोष्ट इथेच मिटावी. सुशीला एकनाथरावांची पहिली विद्यार्थिनी. त्या काळी आमच्या युनिव्हर्सिटीत सगळे विषय उर्दूतून शिकवत. वर्गात ही एकटी मुलगी, चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या, पडद्याआड बसून उर्दूतून फुलांच्या पाकळ्या मोजायची आणि मुलांच्या वर नंबर काढायची. पुढे ती कोठीच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायला लागली. मी कोर्टात साक्षीदारांना गोंधळात टाकतो आणि ती घरी मला टाकते.

सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही बरकतपुऱ्याला एकनाथरावांच्या बंगल्यावर गेलो. ते ओट्यावर बसले होते. तापानं अंग निम्मं झालं होतं, पण तोरा तेवढाच होता.

"सुशीला, तू त्याची वकिली करायला आलीस? वकील तर तुझा नवरा आहे."

"मी रोपाबद्दल विचारायला आले, सर. तुम्ही उठून पाहिलंत तेव्हा तिथे खड्डा होता का?"

"खड्डा कुठला! शेवाळसुद्धा फाटलं नव्हतं. इतकी सफाई! ही सफाई मीच त्याला शिकवली."

"मग वरून खुडलं असेल. खाली देठाचा बुंधा राहिला होता?"

"काहीही नव्हतं. सपाट."

"गोविंद काय म्हणाला?"

एकनाथरावांनी तोंड वाकडं केलं. "म्हणे फूल सुकलं आणि पावसात देठही गेला. अगं, फूल सुकेल, कबूल. झाड कुठं जाईल? झाडाला काय पाय असतात?"

"तुम्ही पुस्तकात कुठे कुठे शोधलंत?"

"अगं, ज्याला हिरवं पान नाही ते स्वतःचं अन्न स्वतः करत नाही. कुजक्या पाल्यावर जगतं, नाहीतर दुसऱ्याच्या मुळांवर. त्या जातीच्या एकूण एक वनस्पती मी पालथ्या घातल्या. एकाही वर्णनाशी जुळत नाही. म्हणून तर म्हणतो, नवीन होतं ते! आमच्या हैद्राबादचं होतं!" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. मला त्यांची दया आली. म्हातारपणी आपलं राज्य मोडताना बघायचं, आणि त्यात हाती आलेलं एक फूलही जायचं, हे सोपं नाही.

"जागा बघू का?" सुशीलानं विचारलं.

"बघा. मी येणार नाही. त्या दिवसापासून मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही."

बंगल्यामागे एकनाथरावांच्या वडिलांनी मुद्दाम ठेवलेलं रान होतं. बांबूचं बेट, चिंचा, दोन-तीन जुने आंबे. बेट लावताना अनंतगिरीच्या डोंगरातून गाड्या भरून पालामाती आणली होती, असं एकनाथराव अभिमानानं सांगत. भर दुपारीसुद्धा तिथे सांजवेळेसारखं वाटे. बेटाखाली तारेचं बुटकं कुंपण होतं. आत हिरवंगार शेवाळ, बांबूचा पाचोळा, आणि जमिनीला चिकटलेलं चुण्याचुण्यांचं एक रुंद पान.

मी तार ओलांडणार तोच सुशीलानं माझा सदरा मागून धरला. "पाय जपून!"

"अगं, चोरीला गेलेल्या रोपाला मी काय तुडवणार?"

ती खाली बसली. शेवाळावरून बोट फिरवलं. कुठेच माती उकरल्याची खूण नव्हती. "खणलं नाही आणि खुडलंही नाही," ती पुटपुटली. "मग चोरलं कसं?"

३

विद्यानगरात गोविंद एका खोलीत भाड्यानं राहत होता. ट्रंक बांधून तयार होती. खिडकीखाली ती कुंडी होती, ओल्या फडक्यानं झाकलेली. फडक्यातून एक काटकी वर आली होती आणि काटकीला सुतळीचे दोन सैल वेढे होते. मी सरळ हात पुढे केला.

"वकीलसाहेब, नक्को!" गोविंद आडवा आला. "माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर कुंडी उघडून तरी काय फायदा? सरांनी मला झाडं वाचायला शिकवलं. सभेत चोर म्हणण्याआधी त्यांनी माझं तोंड वाचायचं होतं."

"अरे, नोकरी जाते आहे तुझी!"

"जाऊ द्या."

"बरं, फुलाचं काय झालं ते तरी सांग," सुशीला म्हणाली.

"ताई, मी रोज सकाळी जात होतो. फुलानं मान टाकली. मग एकदा जोराचा पाऊस झाला आणि देठ मलूल होऊन पार विरघळल्यासारखा झाला. सर तापात बरळत होते. त्या हालतीत त्यांना कसं सांगू? बरे झाले तेव्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही."

"कुंपणात दुसरं काही उगवलं का?"

"तोवर नव्हतं. नंतर मला फाटकातून आत घ्यायला मनाई झाली."

परतताना मी माझा सिद्धांत मांडला. "सुशीला, हा अप्पारावांचा डाव आहे. औरंगाबादला जाणाऱ्या मराठी माणसावर आळ आला की रोप इथल्या विभागात राहतं. कुंडीची कथाही त्यांचीच."

"कुंडी आपण आत्ताच बघून आलो."

"हो, ते खरं."

"आणि अप्पारावांच्या गुडघ्यात वात आहे. ते तुमच्या मंडळाच्या सतरंजीवर बसू शकत नाहीत म्हणून त्यांना खुर्ची देतात. ते बांबूच्या बेटात रांगत जाऊन शेवाळ न फाडता रोप काढणार?"

कोर्टात अशी उलटतपासणी मला कधी साधली असती तर आज मी जज्ज असतो.

"त्या कुंडीत काय आहे ते मला कळलं आहे," ती म्हणाली. "फक्त ते दिलं कुणी आणि लपवायचं का, एवढं विचारायचं आहे."

"काय आहे?"

"तुम्ही पण काटकी पाहिलीत की!" आणि तिनं रिक्षावाल्याला पुन्हा बरकतपुऱ्याकडे वळायला सांगितलं.

४

एकनाथरावांच्या घराची सगळी सूत्रं त्यांची विधवा बहीण चतुराबाई चालवत. दुसऱ्या दिवशी मंगळवार, पूजेचा दिवस. एकनाथरावांची मुलगी लीला पहिल्या मंगळागौरीला माहेरी आली होती, आणि चतुराबाई मागच्या अंगणात पुरणाची डाळ निवडत बसल्या होत्या.

सुशीला शेजारी बसून डाळ निवडायला लागली. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग ती सहज म्हणाली, "पानवेल लागेल ना हो आत्या औरंगाबादला? तिकडची हवा कोरडी."

चतुराबाईंच्या हातातलं सूप कलंडलं.

"गोविंदानं सांगितलं?"

"तो मरेपर्यंत सांगणार नाही. कुंडीत काटकी रोवली होती आणि तिला सुतळीचे वेढे होते. वेल चढवायची असेल तरच असं करतात. सरांच्या त्या फुलाला काटकी कशाला लागेल? आणि वेल म्हटली तर या घरात एकच. विहिरीजवळची."

चतुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ती पानवेल एकनाथरावांच्या दिवंगत पत्नीनं लावलेली. तिला ते कुणाला हात लावू देत नसत. देवाच्या विड्याची पानंसुद्धा ते स्वतः खुडून देत. "पण गोविंद या घरात जेवून मोठा झाला गं," चतुराबाई म्हणाल्या. "वहिनीनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. तिच्या हातचं काहीतरी त्याच्या दारात असावं असं मला वाटलं. दादाला सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून मीच त्याला शपथ घातली. मला काय माहीत, त्याच कुंडीवरून हे रामायण होईल!"

"मग काल सभेनंतर का नाही बोललात?"

"धीर झाला नाही." सूप सरळ करून त्या म्हणाल्या, "उद्या पूजा होऊ दे. मग मी स्वतः दादाला सांगते. काय करायचं ते कर म्हणावं."

कुंडीचा उलगडा झाला. गोविंद सुटला असं मला वाटलं, आणि मी पान मागणार होतो. पण सुशीलाचं समाधान झालेलं दिसेना.

"नुसतं एवढ्यानं भागायचं नाही," ती मला बाहेर आल्यावर म्हणाली. "सर म्हणतील, वेल आत्यानं दिली आणि रोप त्यानं वेगळं नेलं. रोप कुठं गेलं ते दाखवल्याशिवाय सर ऐकणार नाहीत, आणि नामदेवरावही."

५

मंगळवारी सकाळी सुशीला पूजेला मदत करायला गेली आणि मी एकनाथरावांजवळ ओट्यावर बसलो. दारातून माजघरातली पूजा दिसत होती. एकनाथराव पूजेकडे पाठ करून बसले होते. देवाधर्माशी त्यांचं जमत नसे.

मंगळागौरीला सोळा प्रकारची पत्री लागते, प्रत्येकाची सोळा-सोळा पानं. पुण्याकडे म्हणे हल्ली ती मंडईत जुडी बांधून मिळते. आमच्याकडे मुलींना सगळी झाडं हिंडावी लागत. जे मिळालं नाही त्याच्या जागी इथलं दुसरं काही चालवून घ्यायचं, हा आमच्या हैद्राबादी बायकांचा जुना शिरस्ता. गुरुजी नाव घेत होते, लीला आणि तिच्याबरोबर पूजेला बसलेल्या नव्या सुना, तिच्या वशेळ्या, मूठमूठ पानं वाहत होत्या. आघाडा झाला, दुर्वा झाल्या, डाळिंब झालं, बेल झाला. शेवटी लीलानं फक्त एक पान उचललं आणि पटकन गौरीच्या पायाशी ठेवलं.

चतुराबाईंच्या नजरेतून ते सुटणार थोडंच! "एकच? सोळा पाहिजेत की गं!"

"आत्या, सोळावी जात मिळेचना. सगळं अंगण धुंडलं. याचंही एवढं एकच पान होतं. मी आजूबाजूला पाहिलं, पाचोळा उचलून पाहिला, दुसरं नाहीच. उगं तेवढ्यासाठी परेशान नको होऊ."

सुशीला आरतीचं ताट घासत होती. तिनं ते खाली ठेवलं आणि गौरीजवळ जाऊन वाकून बघितलं. मग लीलाचा हात धरला.

"लीला, हे पान कुठून खुडलंस?"

"बाबांच्या कुंपणातून. फूल तर गेलंच होतं ना, काकू? नुसतं एक रानटी पान राहिलं होतं. बाबा रागावतील का?"

सुशीलानं पदर खोचला आणि बाहेर आली. मी तिचा चेहरा पाहिला. तिचे डोळे असे चमकायला लागले की समजावं, समोरच्या पक्षाचं आता काही खरं नाही.

"सर, खुरपं द्या," ती म्हणाली. "आणि माझ्याबरोबर चला. आज तुम्हाला यावंच लागेल."

"कशाला?"

"तुमचं रोप कुठं गेलं ते दाखवायला. ते कुठेही गेलेलं नाही."

६

एकनाथराव काठी टेकत आले खरे, पण वाटभर कुरकुर चालली होती. कुंपणाच्या आत काल मी पाहिलेलं पान नव्हतं. त्याच्या जागी शेवाळातून खुडलेल्या देठाचं नखाएवढं टोक दिसत होतं. सुशीलानं भोवतालचं शेवाळ हळूच बाजूला केलं आणि दोन बोटं खोल उकरलं. हातात आला एक पांढरा, बोराएवढा गोल कंद.

"सर, भिंग लावा. कंदातून हा ताजा देठ वर आला आहे, आज सकाळी लीलानं खुडलेल्या पानाचा. आणि त्याच्या शेजारी हे काय आहे?"

एकनाथरावांनी भिंग लावलं. काळा पडलेला, सुतासारखा सुकलेला एक धागा त्याच कंदाला चिकटलेला होता. ते किती तरी वेळ बघत राहिले.

"फुलाचा देठ," ते शेवटी म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

"गोविंद खरं सांगत होता. आधी फूल येतं, तेव्हा पान नसतं. फूल सुकतं, देठ पावसात विरून जातो. मग काही दिवस वर काहीच दिसत नाही. तुम्ही तापातून उठून आलात ते नेमके त्या दिवसांत. त्यानंतर पान येतं, आणि तेही एकच. दोघांची गाठ कधी पडत नाही. लीलानं हवी तेवढी शोधाशोध केली तरी तिला दुसरं पान मिळालं नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुठल्याही झुडपाला, गवताला दुसरं पान असतं. याला एकच होतं, आणि ते फुलाच्या जागेवरच होतं."

"देठ जुळतो का ते बघायला हवं," एकनाथराव म्हणाले. शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञच. "ते पान आण."

पण दारात चतुराबाई उभ्या. "गौरीला वाहिलेलं पान उद्या उत्तरपूजेपर्यंत उचलायचं नाही. पाहिजे तर दादा, तू आत ये."

एकनाथराव आत गेले. हातात कंद, डोळ्याला भिंग. गौरीसमोर आधी वाकले, मग गुडघ्यांवर बसले, मग भिंग पानाच्या देठाला लावण्यासाठी कपाळ थेट पाटाला टेकवलं. नखानं तिरका तुटलेला देठ कंदावरच्या टोकाशी तंतोतंत जुळत होता. गुरुजींना वाटलं यजमानांना भक्ती फुटली. त्यांनी घंटा वाजवली. चतुराबाईंनी हात जोडले, लीलानं जोडले, मला हसू आवरेना म्हणून मीही जोडले.

एकनाथराव उठले ते सरळ पुस्तकांच्या खोलीत गेले. सुशीलाही गेली. गुरू-शिष्येनं मिळून पानं उलटली, या वेळी पानं नसलेल्यांच्या यादीत नाही, तर जमिनीवर उगवणाऱ्या ऑर्किडांत. थोड्याच वेळात एकनाथराव बाहेर आले.

"ऑर्किड आहे," ते म्हणाले. "नवीन नाही. दुसरीकडच्या रानांतून लोकांना माहीत आहे. आणि मुकुंदराव, एक सांगू? ते पान मी अनंतगिरीच्या सावलीत असंख्य वेळा तुडवलं आहे. फूल कधी दिसलं नाही म्हणून त्याचं नाव विचारावंसं वाटलं नाही. आणि फूल दिसलं तेव्हा पान नव्हतं, म्हणून ओळखता आलं नाही. दोन्ही वेळा अर्धंच बघितलं आणि पूर्ण पाहिल्याचा तोरा मिरवला." मग त्यांनी सुशीलाकडे बघितलं. "ही माझी विद्यार्थिनी आहे बरं का, मुकुंदराव!"

"आणि माझी बायको," मी म्हणालो. म्हटलं, या बाबतीत आपण मागे का राहायचं?

चतुराबाईंना वाटलं, आता बोलायची वेळ हीच. त्यांनी पानवेलीचं सगळं सांगून टाकलं. एकनाथराव ऐकत राहिले. घर डोक्यावर घेतलं नाही. फक्त म्हणाले, "एकच डहाळी दिलीस? जगली नाही तर? दोन द्यायच्या होत्या."

७

त्याच दुपारी ते विद्यानगरला गेले. मी बरोबर होतो. गोविंदानं दार उघडलं. एकनाथरावांनी कंद पुढे केला आणि सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. शेवटी म्हणाले, "गोविंदा, चूक माझी."

गोविंद त्यांच्या पाया पडला, पण डोळे कोरडे होते. "सर, तुम्ही मला खोलीत येऊन सांगितलंत, ते माझ्यासाठी पुष्कळ आहे. पण बोलला होतात भर सभेत. आणि नामदेवराव तेच ऐकून गेले आहेत."

खरंच होतं ते. मी लगेच तोडगा काढला. "मी आत्ता तार करतो. वकिली भाषेत, शिक्क्यासकट. नामदेवराव नेमणूक देतील नाहीतर मी नोटीस देईन."

"तुमची तार तुमच्याजवळ ठेवा," एकनाथराव म्हणाले. "आरोप मी तोंडानं केला. मागेही तोंडानंच घेणार, ज्याच्यासमोर केला त्याच्यासमोर."

तापातून उठलेला माणूस. शिवाय राज्य फुटणार हे पक्कं झाल्यापासून, तोडलेल्या मुलखात मी पाऊल ठेवणार नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते. पण त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय! मंडळाच्या लोकांना त्यांनी बुधवारी संध्याकाळी पुन्हा गोळा केलं, तिथे उभं राहून काठी न आपटता सगळं कबूल केलं, आणि गुरुवारी काचीगुडा स्टेशनवर हजर झाले. गोविंदाची ट्रंक, चतुराबाईंच्या दशम्या, आणि पाण्याची सुरई. अप्पारावांनी फलाटावर आंब्याच्या लोणच्याची बरणी खिडकीतून आत सरकवली. "सर, आवकाय है. औरंगाबाद में ऐसा नई मिलता!" असं म्हणून त्यांनी गोविंदाला घट्ट मिठी मारली. माझ्या सिद्धांताची मला जरा लाज वाटली, पण सुशीलानं त्याचा उल्लेख केला नाही. हाही तिचा मोठेपणा.

थर्डक्लासचा डबा भरला होता. एकनाथरावांना खिडकीजवळ जागा मिळाली होती. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ, बहुतेक परभणीकडचे, नमस्कार करून म्हणाले, "काय, कामानिमित्त निघालात का?"

एकनाथराव ताठ बसले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा आवाज त्यांनी लावला. "हा माझा विद्यार्थी. याच्यासारखा प्रामाणिक मुलगा मी उभ्या आयुष्यात शिकवला नाही. याच्यावर मी चोरीचा खोटा आळ घेतला होता. तो उतरवायला चाललो आहे."

डब्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. गोविंद लाजून लाल झाला. "सर, आता बस्स करा ना!"

"गप्प बैस," एकनाथराव म्हणाले. "सराव करू दे मला. औरंगाबादला अडखळायला नको."